अंधार पिणारा हेला

माझ्या बाबांना चोर ठरवलं गेलं ते एका हेल्यामुळं. हेला म्हणजे रेडा. आमच्या तळेगावात रेडा कोणी म्हणत नाही. आणि चोरी कसली, तर त्या हेल्याच्या ताकदीची. पोत्यात भरता येत नाही, हातात धरून दाखवता येत नाही, अशी चोरी. पैसेवाल्या माणसाला आळ घ्यायचा झाला की पुरावाही लागत नाही आणि मालही लागत नाही.

२००५ सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. मी तेव्हा वर्ध्याला नालवाडीत खोली घेऊन राहत होते, प्राणिशास्त्रात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. घरमालकांच्या फोनवर आईचा फोन आला. "तुह्या बाबाले मालकानं चोर म्हटलं. चार लोकायत. तू ये," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी आर्वीवरून तळेगावची एसटी धरली आणि सगळ्या वाटेनं काय काय बोलायचं ते मनात घोळवत गेले. त्यातलं अर्धंही नंतर बोलता आलं नाही.

महादेवराव गावातले किराण्याचे आणि दुधाचे व्यापारी. पुढं दुकान, मागं घर, घरामागं गोठा. त्या गोठ्यात माझे बाबा, श्रावण, एकोणीस वर्षं कामाला होते. शेण काढायचं, चारापाणी करायचं, म्हशी धुवायच्या, विणाऱ्या म्हशीजवळ बसून राहायचं. धार मात्र महादेवरावांचा मुलगा निकेश काढायचा. आमचा हात शेणाला चालायचा, दुधाला चालायचा नाही. बाबांचा चहाचा स्टीलचा गिलास गोठ्याच्या टिनावर वेगळा ठेवलेला असायचा. आम्ही बौद्ध होऊन पन्नास वर्षं होत आली होती, तो गिलास काही खाली उतरला नव्हता.

हेल्याचं नाव जमादार. पारडू असतानाच त्याची माय मेली. बाबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. चालायचा असा, की रस्ता त्याच्या बापाचा, म्हणून जमादार. आजूबाजूच्या चार गावांत असा हेला नव्हता. महादेवरावांना त्याचा एवढा अभिमान, की म्हशीला सुई लावायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला, ते कधी डॉक्टरला बोलवत नसत.

बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. दसरा झाला, की ते म्हणायचे, "आता हेला अंधार पेते. अंधार पोटात गेल्याबिगर त्याले जोर येत नाई." लोक हसायचे. मी शाळेत होते तेव्हा मीही हसायचे.

आता दोन वर्षं आधी गोठ्यात लागलेल्या दिव्याचं सांगते. निकेशची बायको दीपाली लग्न होऊन आली त्याला पाच वर्षं झाली आणि मूल झालं नाही. त्याच साली गोठ्यातली तीन पारडी दगावली. तिची सासू देवकाबाई, महादेवरावांच्या मंडळी, त्यांनी नवरात्रात नवस बोलला: गोठ्यात अखंड दिवा ठेवीन, गोठा भरू दे, घर भरू दे. जमादारच्या समोरच्या खांबावर देवळी होती, तिथं तेलाचा दिवा लावला. वाऱ्यानं तो दोनदा विझला. अखंड दिवा विझणं म्हणजे काय, हे देवकाबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मग निकेशनं नागपूरहून मोठा हॅलोजन आणला आणि त्याच खांबाला ठोकला. लोडशेडिंगमध्ये विझू नये म्हणून इन्व्हर्टर घेतला, दोन बॅटऱ्या घेतल्या. बटण लोखंडी डबीत, डबीला कुलूप, आणि किल्ली देवकाबाईंच्या कमरेला. दिवसा जळायचा, रात्री जळायचा. देवीनं हिशोब मागितला तर एक मिनिटाचीही खोट निघाली नसती.

म्हशी भिंतीआड मागच्या बाजूला असायच्या. जमादार पुढं, एकटा, खांबासमोर. सगळा उजेड त्याच्या डोळ्यांत.

आठव्या दिवशी बाबा म्हणाले होते, "माय, थो लाईट तिकडं लावा. हेल्याले अंधार भेटून नाई राह्यला." देवकाबाईंनी उत्तर दिलं, "तुमी तुमचे देव सोडले, आता आमचे बी इझवता का?" त्यानंतर बाबा दोन वर्षं त्या दिव्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात म्हशी माजावर आल्या, जमादारला लावल्या, आणि एकामागून एक उलटल्या. म्हणजे गाभण राहिल्याच नाहीत, वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. डॉक्टर आले, म्हशी तपासल्या, औषधं लिहून दिली. तीन म्हशी वांझ म्हणून विकल्या. पुढच्या हिवाळ्यात तेच, आणखी चार विकल्या. चौदातल्या सात गेल्या. सातही जणींना हातानं तपासलं, पोटात पावडरी घातल्या, मग खाटकाच्या गाडीत चढवलं. समोर खुंट्याला बांधलेल्या त्या नराकडं कोणी मान वळवून पाहिलं नाही. डॉक्टरनंही नाही. नर धडधाकट दिसला की झालं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्या दिवाळीत, जमादार माजावरच्या म्हशीला हुंगेनासाच झाला. म्हैस समोर आणली तर मान फिरवायचा. आता खोट म्हशीत आहे असं म्हणायची सोय उरली नाही. पण मालकाच्या हेल्यात ती आपोआप कशी येईल? कोणी तरी आणली असली पाहिजे. आणि कोणी तरी म्हणजे कोण, ते काय विचारायचं?

मी दुपारी चारच्या सुमारास थेट गोठ्यात गेले. महादेवराव बाजेवर बसले होते, निकेश उभा होता, बाजारओळीतले तीन-चार जण फुकटचा तमाशा बघायला आले होते. बाबा खरारा घेऊन जमादारची पाठ घासत होते. आणि लख्ख उन्हात तो हॅलोजन जळत होता. मी त्याच्याकडं बघितलं, मग जमादारच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि काय झालं ते मला तिथंच कळलं.

कारण मला ते सगळं पाठ होतं. मेंदूच्या ऐन मधोमध एक छोटीशी ग्रंथी असते, वाटाण्याच्या दाण्याहूनही लहान. डोळ्यांवर उजेड आहे तोवर ती गप्प असते. अंधार पडला की रक्तात एक रस सोडायला लागते, मेलाटोनिन. रात्र जेवढी लांब, तेवढा जास्त वेळ तो रस रक्तात. जनावराला कॅलेंडर वाचता येत नाही, ही ग्रंथीच त्याचं कॅलेंडर. दसऱ्यानंतर रात्री लांबत जातात, तो निरोप मेंदूच्या तळाशी पोचतो, तिथून खालच्या ग्रंथीला हुकूम जातो, ती दोन हार्मोन्स रक्तात सोडते, आणि ती जाऊन वृषणांना सांगतात की उठा, वेळ झाली. मग टेस्टोस्टेरॉन चढतं, बीज चांगलं तयार होतं, नराला मादीचा वास कळायला लागतो. घोड्याचं उलटं असतं, त्याला लांबते दिवस लागतात. बकरी, मेंढी, म्हैस यांना लांबत्या रात्री लागतात. कार्तिकात फळलेली म्हैस दहा महिन्यांनी, भाद्रपदात विते, तेव्हा रानात हिरवा चारा असतो. इतकं साधं गणित आहे. आणि इथं दोन वर्षं जमादारच्या डोळ्यांपुढं रात्र झालीच नव्हती.

हे मी वर्गात इंग्रजीतून घोकलं होतं, परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. आणि दर सुट्टीत त्याच हॅलोजनखालून चालत गेले होते. मला एकदाही सुचलं नाही. बाबांना न शिकता जे कळलं ते मला शिकूनही कळलं नव्हतं. महादेवरावांवर राग होताच, पण त्या दिवशी पहिला राग माझा मलाच आला.

"आली का मास्तरीन," महादेवराव म्हणाले. "समजव आपल्या बापाले. चार लोकायत कबूल कर म्हना, मी ठान्यात जात नाई."

"काय कबूल करायचं, काका?" मालक म्हणणं मी अकरावीतच सोडलं होतं.

"हेला चोरून लावला म्हनून. आमचा हेला सोडून दुसऱ्याच्या म्हशीवर नेत होता थो. आमच्या म्हशीले मंग काय उरन? हेला तं आता कामाचा राह्यला नाई. येत्या बाजाराले खाटकाले देतो."

मी सांगायला सुरुवात केली. जमेल तितकं सोपं करून सांगितलं, ग्रंथी, अंधार, रात्र, सगळं. हॅलोजनकडं बोट दाखवून सांगितलं. निकेश हसायला लागला. "म्हंजे हेला अंधार पेते! बापाचंच बोलनं पोरगी इंग्रजीत सांगून राह्यली."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. रागाच्या भरात माणूस हातातला एक्का आधी टाकतो, तसा मी टाकला. "मग गावातल्याच ताराचंदभाऊचा हेला पाहा ना! हाडाचा सापळा आहे. त्यायच्या गोठ्यात विजेची तारच नाई, दिवस बुडला का काळोख. तरी त्यायच्या सहाच्या सहा म्हशी दर साली गाभन राह्यतात. कशाच्या जोरावर?"

एकदम शांत झालं. मला वाटलं, पटलं. महादेवराव सावकाश त्या बाजारओळीतल्या माणसांकडं वळले. "सहाच्या सहा? त्या मरतुकड्यापासून? आयकलं का बाप्पा. आपला हेला कोठी जात होता थे पोरीनंच सांगून टाकलं."

मी बाबांना सोडवायला गेले होते आणि माझ्याच तोंडानं त्यांच्या गळ्यात दोर अडकवला. बाबांनी माझ्याकडं बघितलंही नाही, ते खरारा मारत राहिले. त्यांच्या त्या गप्प राहण्याचाही मला संताप आला. एकोणीस वर्षं माणूस किती गिळतो?

देवकाबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडंच वळले. "काकू, दोन महिने, फक्त दोन महिने हा लाईट बंद करा. नवस दिव्याचा बोलल्या होत्या का हॅलोजनचा?"

"तोंड आवर, पोट्टे. बाईचा दिवा हाये थो." बाई म्हणजे देवी.

"त्या दिव्यापायी सात म्हशी वांझ म्हनून इकल्या तुमी! एक डाव तरी हेला तपासला?"

"हेल्याले काय तपासाचं?" देवकाबाईंना माझा प्रश्नच कळला नव्हता. "नरात कुठं खोट राह्यते? खोट राह्यते थे मादीतच."

त्यांच्या मागं दीपाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चहा देऊन आत निघून गेली. बाबांच्या गिलासात चहा ओतायचा तेवढा राहिला.

"चाल घराकडं," बाबा मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपाली आमच्या दाराशी आली. महादेवरावांची सून, आमच्या वस्तीत, एकटी. आई घाबरली. आईनं पाणी पुढं केलं, दीपाली ते आमच्या गिलासातून घटाघट प्यायली आणि मला म्हणाली, "सरिता, थे खरं हाये का? हेल्यात खोट राहू शकते?"

"राहू शकते. राह्यलीच हाये."

"मानसात बी?"

"मानसाचं ऋतूवर नसते, वहिनी. पन खोट दोघायपैकी कोनातबी राहू शकते. तपासल्याबिगर समजत नाई."

ती म्हणाली, "मले पाच डॉक्टरकडं नेलं. नागपूरले दोन डाव. पोट फुगवून दुर्बीन घातली. यायले एक डाव बी नाई." यायले म्हणजे निकेशला. "मी इचारलं तं सासूबाई म्हने, मर्द मानसाले काय तपासाचं?"

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, आणि ती महादेवरावांपेक्षा लवकर समजली. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की एक घोटाळा आहे. बाबांना कामावरून काढलं आणि लाईट बंद केल्यावर हेला सुधारला, तर हे लोक काय म्हणतील? श्रावण गेला, चोरी थांबली, हेला सुधारला. म्हणजे औषध लागू पडलं तरी फाशी बाबांनाच. "बाबा गोठ्यातच पायजे," मी म्हटलं. "अन् सांज झाली का गोठ्याले कुलूप. किल्ली तुमच्या सासूकडं. हेला बाहेर गेला असं कोनाले म्हनताच नाई आलं पायजे."

"पाहातो," ती म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी गावभर झालं, की महादेवरावांच्या सुनेच्या स्वप्नात देवी आली. देवी म्हणाली म्हणे, तारेतला दिवा माझ्यापर्यंत पोचत नाही, मला तेलाचा पाहिजे, मागच्या देवळीत, काचेत. सून दिवा सांभाळेल. ज्याच्या हातानं जमादार वाढला त्याच्याच हाताखाली त्याला संक्रांतीपर्यंत राहू द्या, आणि दिवस मावळला की गोठ्याला कुलूप घाला. देवकाबाईंनी ते ऐकून सुनेच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्याच दिवशी स्वतःच्या हातानं हॅलोजनचं बटण बंद केलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला संताप आला. तासभर घसा कोरडा करून मी शास्त्र सांगितलं, ते त्यांनी नुसतं कानाआड केलं नाही, तर माझ्याच बापाविरुद्ध वापरलं. आणि स्वप्न म्हटलं की महादेवरावांसारखा तोलून मापून व्यवहार करणारा माणूस मान डोलावतो. मी वर्ध्याला परत जाताना एसटी स्टँडवर दीपाली भेटली, तेव्हा मी तिला तोंडावर म्हटलं, "वहिनी, तुमी खोटं बोलल्या."

"तुमी खरं बोलल्या होत्या ना?" ती म्हणाली. "काय झालं मंग?"

माझी एसटी लागली होती, मी चढले.

तेलाच्या दिव्याचा उजेड तो केवढा, आणि तोही भिंतीआड, काचेत. जमादारच्या डोळ्यांपर्यंत तो पोचायचा नाही. बीज नव्यानं तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, हे मी बाबांना सांगून ठेवलं होतं. ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पुस्तक उघडलं की मनात यायचं, मी चुकले असेन तर? हेल्याला दुसराच काही आजार असला तर? तर बाबांचं नाव गेलं, आणि ते माझ्या हुशारीनं गेलं. महादेवरावांचा निरोप होताच: संक्रांतीपर्यंत काही झालं नाही तर हेला बाजारात आणि श्रावण ठाण्यात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फोन आला. या वेळी आई नव्हती, बाबा होते. बाबांनी आयुष्यात मला पहिल्यांदा फोन केला होता, त्यामुळं ते रस्त्यावरून हाक मारावी तसे ओरडून बोलत होते. "पेला, बाई! अंधार पेला त्यानं! पाय खोरून राह्यला, ओठ वर करून हुंगून राह्यला, दावं तोडते का काय असं वाटते!" मी फोन ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून रडले.

त्या पंधरा दिवसांत पाच म्हशी लावल्या. एकवीस दिवस गेले, चार उलटल्या नाहीत, एक उलटली. तरी महादेवराव म्हणाले, डॉक्टरच्या हाताखालून जाऊ द्या, मग बोलू. गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी डॉक्टर आले. मीही आले होते. गोठ्यात तीच बाज, तीच बाजारओळीतली माणसं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा घातला, एकेक म्हैस तपासली, आणि हात धुता धुता म्हणाले, "चार गाभण. एक नाही."

देवकाबाईंनी आधी मागच्या देवळीला हात जोडले आणि मग पेढे वाटायला घेतले. "बाई पावली," म्हणाल्या. महादेवरावांनी नारळ फोडला आणि एक भकल बाबांच्या हातावर, हाताला हात लागणार नाही इतक्या वरून, टाकलं. "घे श्रावन. झालं गेलं इसरून जाय."

बाबा नारळ घेऊन उभे राहिले. मी पुढं झाले. "विसरतो, काका. पन आधी परत घ्या. चार लोकायत चोर म्हटलं, आता चार लोकायत नाई म्हना. सांजीले कुलूप तुमच्या घरचं, किल्ली तुमच्या घरची. हेला बाहेर गेला नाई, बाबा बी हालले नाई, बदलला थो फक्त उजेड."

"राग आला का मानूस बोलते काईबाई," महादेवराव म्हणाले. "त्याचं काय धरून बसतं, पोट्टे? काम तं गेलं नाई ना त्याचं? अन् पावली थे बाई पावली, तुहं इंग्रजी नाई."

लोक हसले. डॉक्टर पिशवी आवरत होते, तेही हसले. मला वाटलं, संपलं. हे लोक माफी मागणार नाहीत. हेला सुटला, म्हशी भरल्या, दिवा राहिला, आणि माझ्या बापाच्या नावावरचा डाग कोणाच्या ध्यानातही उरला नाही. जमादारचा खुंटा उपटून महादेवरावांचं टाळकं फोडावं असं मला खरोखर वाटलं.

"मामाजी," दीपाली म्हणाली. ती पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती आणि तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही. ती सासऱ्यांशी चार लोकांत बोलली, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. "सात म्हशी वांझ म्हनून खाटकाले देल्ल्या. खोट त्यायच्यात नोती. हेल्यात होती. बरोबर ना, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर घुटमळले. "हो, म्हणजे, तसं दिसतं आता."

"मंग माह्या लग्नाले सात वर्सं झाली," दीपाली म्हणाली. आवाज चढला नाही. "मले पाच डॉक्टरकडं नेलं. यायले कवा नेता?"

निकेशचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. देवकाबाईंच्या हातातला पेढा खाली पडला. बाजारओळीतली माणसं एकदम जमिनीकडं बघायला लागली. पण कान कोणाचेही बंद नव्हते, आणि सांज व्हायच्या आत हे वाक्य तालुक्याच्या गावी, आष्टीपर्यंत जाणार हे महादेवरावांइतकं कोणाला कळत होतं? ते बाजेवरून उठले. सुनेकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, आणि मग घाईघाईनं बाबांकडं वळले.

"श्रावन," ते म्हणाले, दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "चोरी तू केली नाई. म्या तुले खोटंच चोर म्हटलं. माहं चुकलं. आयका रे साऱ्यायनं. माहं चुकलं."

विषय बदलायला त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

पाच महिने ज्या वाक्यासाठी माझा जीव तुटत होता ते असं आलं, सुनेचा प्रश्न झाकायला फडकं टाकावं तसं. मला वाटलं होतं ते ऐकलं की बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. मी दीपालीकडं बघितलं. ती उत्तराची वाट बघत तशीच उभी होती. बाबांना त्यांचं उत्तर मिळालं होतं, तिला नव्हतं.

बाबांनी नारळाचं भकल बाजेवर ठेवलं. जमादारच्या कपाळावरून हात फिरवला. मग टाचा उंचावून टिनावरचा आपला गिलास काढला, धोतराला पुसला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"कुठं चालला रे?" महादेवरावांनी विचारलं.

"घरी," बाबा म्हणाले. "उद्यापासून ताराचंदच्या गोठ्यात जातो. तेथी लाईट नाई."